बशीखालची नावं

४ मार्च, मंगळवार

खिळे आणायला गेले होते. माझ्या पुढचा माणूस दुकानदाराला म्हणाला, "एक सासू द्या. मोठी." दुकानदारानं मान वर न करता कुलूप काढून पुढ्यात ठेवलं! मागणारा हसला नाही, देणारा हसला नाही. नाव रुळलं म्हणतात ते असं.

हसले फक्त मी. तोंडावर हात धरून. कारण ते नाव माझं.

सहा महिने झाले असतील. कुलूपवाले आमच्या छापखान्यात, म्हणजे घराच्या बाहेरच्या खोलीत, यांच्यासमोर बसले होते, लेबलावर काय छापायचं ते ठरेना. मी चहाच्या बशीखाली चिठ्ठी सरकवून ट्रे पाठवला — 'सासू. कोणालाही सहज आत घेत नाही.' खरं तर गंमत म्हणून लिहिलं होतं. यांनी बशी उचलली, खाली बघितलं, घसा खाकरला आणि छताकडे नजर लावून म्हणाले, "थांबा... येतंय... आलं!"

सासूबाईंना घाबरत घाबरतच सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या जिवावर कुलपं विकतोय ना? मग मला एक फुकट आणून द्यायला सांग."

संध्याकाळी साबणवाले आले. नवी वडी काढलीय, कपड्यांची. तपकिरी, विटेसारखी टणक. वास नाही, नक्षी नाही. "फेस कमी आहे, पण झिजत नाही," म्हणाले. नाव एप्रिलच्या पहिल्या शनिवारी ठरवायचं. पण या खेपेला त्यांनी त्या टायवाल्यांनाही सांगितलंय — तेच, नुसती नावं देण्याचे पैसे घेतात ते. त्यांचं एका मोठ्या छापखान्याशी साटंलोटं आहे. त्यामुळे नाव ज्याचं, छपाई त्याची!

साबणवाल्यांच्या वेष्टनांवर आमचा निम्मा छापखाना चालतो. हे हसत "हो हो" म्हणाले. कान मात्र लाल झाले होते.

जाताना साबणवाले एक वडी ठेवून गेले. "वहिनींना वापरून बघू दे."

५ मार्च

वडी आज सुरू केली. हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर तारीख टाकली. कोणतीही वस्तू किती दिवस पुरते हे लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. सासूबाई म्हणतात, "एक दिवस तू मलाही तारीख टाकशील."

७ मार्च

आज नावांची यादी मोजली. त्याच वहीच्या शेवटच्या पानापासून उलटी लिहीत आलेय. एकशे अठरा! फिनेलचं 'निघा'. उंदराच्या पिंजऱ्याचं 'या, बसा'. बुटांच्या पॉलिशचं 'आरसा'. भांड्यांच्या घासणीचं 'घासाघीस' — ते घासणीवाल्यांना नको होतं, त्यांना 'किचन क्वीन' हवं होतं. आता गाडीवर तीन-तीन पोती जातात.

माझी रीत साधी आहे. मागच्या दारात उभी राहते आणि नाव मोठ्यानं हाक मारावी तसं म्हणते. हाक नीट जाते का? जिभेला अडखळतं का? मग डोळे मिटून विचार करते, घरातल्या सगळ्यात विसराळू माणसाला ही वस्तू आणायला धाडलं, तर दुकानात पोचेपर्यंत नाव त्याच्या डोक्यात टिकेल का? सगळ्यात विसराळू माणूस घरातच असल्यामुळे फार डोळे मिटावे लागत नाहीत.

आणि देवाचं नाव द्यायचं नाही. कितीही मोठं गिऱ्हाईक असो. पुडी फुटली की कागद रस्त्यावर जातो, लोकांच्या पायांखाली येतो. देवाला हाक मारावी, त्याला केरात टाकू नये. एकदा हे मेणबत्तीवाल्यांना देवाचं नाव देऊन बसले होते, तेव्हा मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी 'उजेड' झालं.

शेजारीण हाका ऐकते. तिला वाटतं मी कोणाला तरी बोलावतेय. परवा 'या, बसा' ओरडले तर ती खरंच आली!

९ मार्च, रविवार

आज नको ते ऐकलं.

बाहेर तीन-चार गिऱ्हाइकं गप्पा मारत होती. कुलूपवाले यांना म्हणाले, "भाऊ, तुम्हाला सुचतं तरी कसं हो?" मी दाराआड. मलाही ऐकायचंच होतं! हे खुर्चीत मागे रेलले असणार, खुर्ची करकरली. म्हणाले, "एकांत लागतो. घरात बायकांची कटकट सुरू असली ना, की एक अक्षर सुचत नाही."

कटकट!

लग्नाला बावीस वर्षं झाली. यांनी स्वतःच्या डोक्यानं दिलेलं एकच नाव मला आठवतं — पायपुसण्याचं. 'पायपुसणे नंबर एक'.

प्रार्थनेला बसले तर मनात तोच शब्द. देवा, मला माफ कर, पण आज तुझ्यापुढे बसून मी मनात यांची खुर्ची ओढत होते.

१० मार्च

चहा पाठवला. बशीखाली काही नाही. बघू या एकांत काय करतो ते.

१२ मार्च, बुधवार

देवा रे! काय सांगू!

केसांच्या तेलाचे गृहस्थ आले होते. नवीन गिऱ्हाईक, मोठं दिसत होतं. मी ट्रे नेऊन दारातल्या स्टुलावर ठेवला आणि आत आले. ट्रेवर चहा सांडला होता म्हणून एक कागद बशीखाली घातला होता — हातात आला तो. सामानाची चिठ्ठी होती. पहिल्याच ओळीवर 'खराटा'. दुसरीवर 'सुतळी', तिसरीवर 'काड्यापेटी'.

यांनी बशी उचलली. घसा खाकरला. छताकडे बघितलं. "थांबा... येतंय..."

मी दाराची कडी घट्ट धरली.

"खराटा!"

तेलवाल्यांनी स्वतःच्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "केसांना?"

"ठसका आहे नावात," हे म्हणाले. "लोक विसरणार नाहीत."

"विसरणार नाहीत हे खरं," तेलवाले म्हणाले आणि टोपी उचलून उठले. दारात पुन्हा वळले. "नाहीतर दुसरं काही?"

यांनी पुन्हा बशी उचलली. "सुतळी?"

सासूबाई आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसत होत्या, पलंग हलत होता. म्हणाल्या, "अगं, काड्यापेटीपर्यंत थांबला असता तर घर पेटलं असतं!"

आता खरं लिहिते, इथे खोटं लिहून काय उपयोग? तो कागद मी मुद्दाम ठेवला नव्हता. पण ठेवल्यावर दिसला होता. आणि दिसल्यावर उचलला नाही.

रात्री यांनी विषय काढला. जेवताना फक्त इतकंच — "चिठ्ठ्या जरा बघून ठेवत जा."

मी म्हटलं, "कसल्या चिठ्ठ्या?"

१५ मार्च

यांनी साबणाला आजवर काढलेली नावं (कच्च्या कागदावर सापडली): शुद्ध उत्तम साबण. धुलाई सम्राट. धुलाई महासम्राट. स्वच्छता नंबर एक.

१८ मार्च

आज हे माझ्या आजूबाजूला घुटमळत होते. मी धुणं घासत होते. आधी बादली सरकवून दिली, बावीस वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाले, "सहज विचारतो हं. समज, एखादी बाई दुकानात गेली आणि तिला हा साबण हवाय. ती काय म्हणेल?"

"साबण म्हणेल."

"तसं नाही गं. नाव घेऊन."

"नाव कुठे आहे त्याला?"

"म्हणजे असतं तर!"

"असतं तर तेच म्हणेल."

 मग बादली पुन्हा पहिल्या जागी सरकवून गेले.

२२ मार्च, शनिवार

टायवाले स्वतः आले! छापखाना बघायला म्हणे. इस्त्रीचा कोट, बुटांना पॉलिश (आरसा! वास मी ओळखते). भिंतीवरची लेबलं बघत फिरले. 'सासू'पुढे उभे राहून नाक मुरडलं आणि म्हणाले, "गावठी आहे. पण चालतं, ऐकलंय."

यांनी विचारलं, "साबणाचं झालं का तुमचं?"

"मी जागच्या जागी नाव देत नाही. घरी जाऊन चिंतन करावं लागतं. एक नाव म्हणजे आठ दिवसांचं चिंतन."

सासूबाई आतून मला म्हणाल्या, "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. आठ दिवस चिंतन करून 'रॉयल' काढतो मेला." खरंच आहे. त्यांची नावं मला पाठ आहेत. रॉयल चप्पल, रॉयल छत्री, एलिगंट रबरबँड. रबरबँडला एलिगंट! पण अलीकडे, म्हणजे साधारण वर्षभरात, मधूनच एखादं बरं निघतं. उशीचं 'बिनघोर' त्यांचंच. ते ऐकून मला दोन दिवस हेवा वाटला होता.

ते गेल्यावर हे बराच वेळ बंद मशिनीजवळ उभे होते. हातात फडकं, पण पुसत काहीच नव्हते.

२६ मार्च

आज हे मोकळेपणानं बोलले. साबणाचं काम गेलं तर मोठी मशीन विकावी लागेल. नुसत्या छोट्या मशिनीवर छापखाना म्हणवत नाही — लग्नपत्रिका आणि पावत्या, बस. वडिलांनी घेतलेली मशीन.  त्या मशिनीच्या आवाजात यांना झोपवलंय सासूबाईंनी.

मला वाटलं आता विचारतील. सरळ विचारतील, की सुचव काहीतरी. नाही विचारलं.

देवाजवळ बराच वेळ बसले. म्हटलं, हा माझा हट्ट आहे की बाणा? घर बुडत असताना मी बशी कोरडी पाठवतेय.  देवही कधी कधी छताकडे बघतो.

पण मला पैसा नकोय. पाटीवर नाव नकोय. एवढंच हवंय, की एकदा, एकाच माणसासमोर, यांनी म्हणावं — हे माझं नाही.

३० मार्च, रविवार

वडी आज संपली. शेवटचा पापुद्रा यांच्या शाईच्या शर्टावर खर्ची पडला. सव्वीस दिवस. तीन माणसं.

आधीची वडी बारा दिवस जायची. चांगला साबण आहे.

२ एप्रिल

सुचलं! आज दुपारी भांडी विसळताना. 'सावकाश'. झिजतो सावकाश. मागच्या दारात जाऊन हाक मारली — "सावकाऽश!" शेजारीण पायरीवर पाय टाकत होती, ती दचकून तिथेच थांबली.

चिठ्ठीवर लिहिलं. घडी घातली. डब्यात ठेवली. बशीखाली नाही.

५ एप्रिल, शनिवार

सगळं नीट लिहून काढते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

दहाला साबणवाले आले, पाठोपाठ टायवाले. बाहेरच्या खोलीत तिघं. मी चहा पाठवला. चिठ्ठी डब्यात होती, माझा हात दोनदा डब्याकडे गेला. दोनदा परत आला.

साबणवाले म्हणाले, "आधी तुम्ही सांगा भाऊ. जुनं नातं आहे."

यांनी बशी उचलली. खाली बघितलं. मग दुसरी बशी उचलली, साबणवाल्यांची. तिच्याखालीही काही नव्हतं. घसा खाकरला नाही. छताकडे बघितलं नाही. टायवाल्यांच्या चहाचा भुरका मला आत ऐकू आला.

मग हे म्हणाले, "अगं, बाहेर ये जरा."

मी ओल्या हातांनीच गेले.

"मला नाव सुचलेलं नाही," हे साबणवाल्यांना म्हणाले. "मला कधीच सुचलं नाही. कुलूप, फिनेल, पिंजरा, घासणी — सगळी हिची. ही चिठ्ठी पाठवते. मी फक्त बशी उचलतो."

साबणवाले डोळे फाडून बघत राहिले. "आणि 'निघा'?"

"हिचं."

"आणि खराटा?" टायवाल्यांनी विचारलं. बातमी गावभर झाली होती!

"तेही हिचंच," हे म्हणाले, "पण ते सामानाच्या चिठ्ठीतलं."

साबणवाले पोट धरून हसले. मी ओले हात पदराला पुसत राहिले; जे ऐकायचं होतं ते आलं होतं. बावीस वर्षांनी आलं होतं.

"मग सांगा वहिनी," साबणवाले म्हणाले. आत जाऊन डब्यातली चिठ्ठी आणली, यांच्या हातात दिली. यांनी मोठ्यानं वाचली — "सावकाश."

"वा!" साबणवाले म्हणाले. यांचा चेहरा असा खुलला! आणि मग टायवाल्यांची पाळी.

त्यांनी खिशातून कागद काढला. चुरगळलेला, कडेला पाण्याचा डाग. आपलंच नाव वाचताना माणसाला लाज वाटावी तसं वाचलं — "महिनाभर."

 मी मनातल्या मनात हाक मारली. महिनाभर. मनातल्या मनात यांना दुकानात धाडलं. महिनाभर. परत आले की हे घेऊन! बाईला जे हवं असतं ते नावातच दिलंय, वर शपथ नको, चित्र नको.

आणि मला पहिल्यांदा काही खटकलं ते तेव्हाच. महिनाअखेरीला वडीचा पापुद्रा दुसऱ्या वडीला चिकटवून वापरायची वेळ ज्याच्यावर कधी आली नाही, त्याला हे नाव सुचतं कसं? आठ दिवस चिंतन करा नाहीतर आठ वर्षं. कोटाच्या खिशात हे नाव उगवत नाही.

"वहिनी, तुम्हीच सांगा," साबणवाले म्हणाले. "कोणतं?"

हे माझ्याकडे बघत होते. मोठी मशीन यांच्या मागे उभी होती. खोटं बोलायला एकच शब्द लागला असता.

"महिनाभर," मी म्हटलं. "माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण एक आहे — वडी सव्वीस दिवस गेली. तीन माणसांत. तारीख लिहून ठेवलीय."

वही दाखवली. साबणवाल्यांनी पान बघितलं, मग यांच्या शाईच्या बाह्या बघितल्या. म्हणाले, "वडी बोटभर मोठी करावी लागणार म्हणायची!" कोणी हसलं नाही.

६ एप्रिल

 आज सकाळी हे म्हणाले, "तू सावकाश म्हणाली असतीस तर काम आपलं होतं."

"हो."

"मी असतो तर म्हणालो असतो."

"माहीत आहे."

चहा बशीत ओतत म्हणाले, "म्हणून तर मला नावं सुचत नाहीत बहुतेक."

सासूबाईंनी यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आज याला ताप आहे का बघ गं."

७ एप्रिल, सोमवार

साबणवाल्यांचा निरोप आला. ठरल्याप्रमाणे — नाव टायवाल्यांचं, छपाई त्यांची. "वहिनींना सांगा, वाईट वाटून घेऊ नका."

यांनी मोठ्या मशिनीवर चादर घातली.

८ एप्रिल, मंगळवार

दुपारी मागच्या दारात एक बाई उभी. सडपातळ, हातांना साबणाच्या भेगा. म्हणाली, "मी टायवाल्यांची बायको. 'महिनाभर' माझं. 'बिनघोर'सुद्धा. तुमच्या यजमानांनी सगळ्यांसमोर सांगितलं, ते आमच्यांनी घरी येऊन हसत हसत मला ऐकवलं. मग मीही त्यांना माझी अट सांगितली. म्हटलं, छपाई त्या वहिनींच्या घरी गेली नाही तर इथून पुढे चिंतन तुमचं तुम्ही करा." पिशवीतून वेष्टनाचा मजकूर काढून तिनं यांच्या हातात दिला. छपाई आमच्याकडे, असं लिहून साबणवाल्यांची सही होती खाली.

हे चादर काढायला धावले.

ती दारातच उभी. म्हणाली, "आमचे एका छत्रीवाल्याला शनिवारचा शब्द देऊन बसलेत. द्यायचं का हो त्यांना नाव?"

मी म्हटलं, "बघू. आधी बसा तर खरं. बाहेरच्या खोलीत."